पहिल्या रुपयापासून शेवटच्या कोटीपर्यंत

परळच्या बीआयटी चाळीत, इमारत क्रमांक १ मध्ये, ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या आहेत. एक संसाराची, एक अभ्यासाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या खोल्यांमध्ये दोन दशकांहून अधिक काळ राहिले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याचे नेते आणि घटनेचे शिल्पकार म्हणून ते घराघरांत पोचले. पण याच चाळीत राहत असताना ते करशास्त्राचेही पंडित होते, ही गोष्ट मात्र मागे पडली. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या वाटचालीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना लिहिली होती कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांनी. उत्पन्न वाढेल तसा कराचा दरही चढत जावा का, या प्रश्नावर सेलिग्मन हे त्या काळातले जगन्मान्य नाव होते.

दोन वर्षांनी, १९२७ च्या फेब्रुवारीत, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. त्यांनी दोन कर शेजारी शेजारी ठेवून दाखवले. शेतसारा प्रत्येक शेतकऱ्याला भरावा लागतो, पीक येवो न येवो. एक एकरवाल्याला जो दर, तोच मोठ्या इनामदाराला. प्राप्तिकराचे तसे नाही. एका मर्यादेपर्यंत तो लागतच नाही आणि वर्षात कमाई झाली नाही तर तो देणेही लागत नाही. एकाच राज्यात गरिबाचा कर पहिल्या रुपयापासून सुरू होतो आणि शहरातल्या सुखवस्तूला आधी मोकळी जागा मिळते, याला न्याय म्हणायचे का, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

पुढच्या पानांचा विषय तोच आहे: श्रीमंत माणसे आपल्या वाट्याचा कर भरतात का? हा प्रश्न दिल्लीच्या अंदाजपत्रकाच्या दिवशी वर्षातून एकदा चर्चेला येतो आणि आठवड्यात मागे पडतो. इथे तो गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या चार वस्त्यांच्या जमिनीवर उभा राहून विचारलेला आहे. कारण या वस्त्यांमध्ये मुंबईची दोन टोके एकाच रस्त्यावर राहतात. ‘हुरुन’च्या २०२४ च्या श्रीमंतांच्या यादीत मुंबईत ९२ अब्जाधीश मोजले गेले आणि या शहराने बीजिंगला मागे टाकले. त्याच मुंबईत परळच्या गल्लीत एका खोलीचा संसार तिसऱ्या पिढीने पुढे चालवला आहे. चाळीच्या गॅलरीतून समोरच्या टॉवरचा पोहण्याचा तलाव दिसतो, इतके हे अंतर कमी आहे.

आधी एक कागद. दादरला राहणाऱ्या कोणत्याही नोकरदाराने आपली सॅलरी स्लिप उघडली तर कपातीच्या रकान्यात ‘प्रोफेशनल टॅक्स’ अशी एक ओळ असते. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० पुरे व्हावेत म्हणून फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त. बहुतेकांची नजर या ओळीवरून घसरून थेट हातात पडणाऱ्या रकमेवर जाते. पण या ओळीमागे महाराष्ट्राचा एक मोठा इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव माणसे खडी फोडायला रस्त्यावर आली आणि वि. स. पागे यांच्या पुढाकारातून रोजगार हमी योजना उभी राहिली. या योजनेला पैसा लागणार होता. तो उभा करण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून दरमहा काही रुपये द्यायचे, असा तो करार होता. इतका सुंदर हेतू फार थोड्या करांच्या वाट्याला आला असेल.

आता त्या कराचा दर पाहावा. महिन्याला दहा हजारांहून अधिक पगार असलेला पुरुष कर्मचारी वर्षाला २,५०० रुपये भरतो. स्त्रियांसाठी ही मर्यादा २०२३ पासून २५ हजार आहे. ज्याचा पगार महिन्याला वीस हजार आहे असा सुरक्षारक्षक २,५०० भरतो आणि ज्या कंपनीच्या दाराशी तो उभा असतो तिचा कोट्यवधी पगार घेणारा मुख्य अधिकारीही २,५०० च भरतो. यात राज्य सरकारचाही इलाज चालत नाही, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. सुरुवातीला ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तिथेच थांबली. मधल्या काळात सगळ्याच वस्तूंचे भाव कितीतरी पटींनी चढले. या कराचे छत मात्र होते तिथेच राहिले.

दुसरा कागद घराच्या खरेदीखताचा. मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह सहा टक्के आहे. त्याला वरची मर्यादा नाही. तीस कोटींच्या घराला एक कोटी ऐंशी लाख भरावेच लागतात आणि ते भरलेही जातात. शेजारची ओळ नोंदणी फीची. तिचा दर एक टक्का आहे, पण कमाल ३० हजार रुपये. म्हणजे तीस लाखांची खोली घेणारा तीस हजार भरतो आणि तीस कोटींचा फ्लॅट घेणाराही तीस हजारच भरतो. पहिल्याला तो एक टक्का पडतो, दुसऱ्याला एका टक्क्याचा शंभरावा भाग. रक्कम लहान आहे. पण बाबासाहेबांनी १९२७ साली दाखवलेला आकार इथे पुन्हा ओळखू येतो: खालच्या माणसाला उंबरठा नाही आणि वरच्या माणसाच्या डोक्यावर छत आहे.

हा आकार सर्वांत जवळून पाहायचा तर उन्हाळ्यात लालबागला जावे. मार्च उजाडला की मसाल्याच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. बेडगी, संकेश्वरी, पांडी, काश्मिरी अशा मिरच्यांच्या राशी. धणे, खसखस, दगडफूल, नाकेशर. डंकांचा एकसारखा ठोका आणि हवेत असा खकाणा की अनोळखी माणूस शिंकून बेजार व्हावा. ठाणे, कल्याण, विरारला राहायला गेलेल्या बायकासुद्धा वर्षाचा मसाला करायला इथे येतात, कारण सासूच्या हातचे प्रमाण इथल्या दुकानदाराला पाठ असते. पाच किलोचा मसाला म्हणजे मध्यमवर्गीय घरातला वर्षातला एक मोठा खर्च. सुक्या मिरचीवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे.

तिथून दादरला यावे. सोन्याच्या पेढ्यांवर लग्नसराईची गर्दी असते. सोन्याच्या दागिन्यावर हाच कर तीन टक्के आहे. आणखी पुढे, गिरगावच्या कडेला ऑपेरा हाऊसला, जिथे पंचरत्न इमारतीतून हिऱ्यांचा बाजार चालत असे आणि २०१० मध्ये त्याचा बराच भाग वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, तिथल्या पैलू पाडलेल्या सुट्या हिऱ्यावर हा कर दीड टक्का आहे. मिरची पाच, सोने तीन, हिरा दीड.

या उतरत्या भाजणीला कारणे आहेत आणि ती सांगितली पाहिजेत. सोन्यावर आयात शुल्क वेगळे लागते. २०२४ च्या जुलैत ते १५ वरून ६ टक्क्यांवर आणले गेले. सोने-हिऱ्यांवरचा कर चढवला तर व्यवहार बिनपावतीचा होतो, चोरटी आयात वाढते, हा अनुभव सरकारने अनेकदा घेतला आहे. हिऱ्याचा धंदा मुख्यतः निर्यातीचा, त्यात हजारो कारागिरांचे पोट. ही कारणे खोटी नाहीत. पण त्यांचा अर्थ असा होतो की ज्या वस्तूचा मालक कर चुकवू शकतो तिथे दर उतरतो आणि जिचा ग्राहक कुठे पळून जाऊ शकत नाही तिथे तो टिकतो. बिस्किटांच्या पुड्यावर २०१७ पासून आठ वर्षे १८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, साबण, टूथपेस्ट पाच टक्क्यांत आली, हे चांगलेच झाले. ती आठ वर्षे मात्र गिरणी कामगाराच्या विधवेने चहात बुडवलेल्या बिस्किटावर सोन्याच्या सहापट दराने कर भरला.

खरेदीवरचा कर गरिबाला जड जातो तो दरापेक्षाही एका साध्या हिशेबामुळे. महिन्याला वीस हजार मिळवणारे कुटुंब जवळजवळ सगळे पैसे खर्च करते, म्हणून त्याच्या मिळकतीचा बहुतेक भाग कधी ना कधी या कराच्या गाळणीतून जातो. महिन्याला वीस लाख मिळवणारा त्यातला थोडा भाग खर्च करतो आणि उरलेला गुंतवतो. बिल फाडताना दोघांना दर एकच, पण मिळकतीच्या मानाने ओझे वेगळे. मुंबई महापालिकेचा मोठा आधार असलेली जकात १ जुलै २०१७ पासून गेली. दहिसर, मुलुंड, वाशीचे नाके उठले आणि त्या जागी वस्तू व सेवा करातून नुकसानभरपाई येऊ लागली. जकातही अखेर खरेदीदाराच्याच खिशातून जायची. शहर चालवण्याचा खर्च पूर्वीही पोत्यामागे वसूल होत होता, आजही बिलामागे होतो.

दुसरी बाजू पुऱ्या ताकदीने मांडल्याशिवाय ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. २०२४-२५ या वर्षात देशाची निव्वळ प्रत्यक्ष करवसुली सुमारे २२ लाख २६ हजार कोटी रुपये होती आणि वस्तू व सेवा कराची ढोबळ वसुली सुमारे २२ लाख ८ हजार कोटी. प्रत्यक्ष करातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा एकट्या महाराष्ट्रातून जातो. वैयक्तिक प्राप्तिकरापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्कम वर्षाला ५० लाखांहून अधिक उत्पन्न दाखवणाऱ्यांकडून येते. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. म्हणूनच ‘कर आम्हीच भरतो’ असे एखादा मोठा डॉक्टर, वकील किंवा कंपनीचा अधिकारी म्हणतो, तेव्हा प्राप्तिकराच्या रकान्यापुरते त्याचे म्हणणे खरे असते. त्याचा कर पगारातूनच कापला जातो, चढत्या दराने कापला जातो, आणि मुलांची शाळा, दवाखाना, पाणी या सगळ्यासाठी तो पुन्हा खासगी पैसे मोजतो. त्याची तक्रार हलक्याने घेण्याजोगी नाही.

पण मोठा पगार घेणारा आणि खरा श्रीमंत ही एकच व्यक्ती नव्हे. या विषयातला सगळ्यात मोठा घोटाळा या दोघांना एका नावाने हाक मारण्यातून होतो.

हिशेब करून पाहता येतो. नव्या प्रणालीत ३० लाख रुपये करपात्र पगार असलेल्या माणसाचा प्राप्तिकर उपकरासह ४ लाख ९९ हजार २०० रुपये होतो, म्हणजे उत्पन्नाच्या साडेसोळा टक्क्यांहून थोडा अधिक. आता दलाल स्ट्रीटकडे वळावे. वर्षाहून अधिक काळ जवळ ठेवलेले नोंदणीकृत शेअर विकून ज्याला दहा कोटींचा नफा झाला, त्याला १२.५ टक्के दर लागतो. अशा नफ्यावरचा अधिभार १५ टक्क्यांवर रोखलेला आहे. वर चार टक्के उपकर. सगळे मिळून १४.९५ टक्के. दहा कोटींवरचा दर तीस लाखांवरच्या सरासरी दरापेक्षा कमी पडतो. २००४ ते २०१८ या चौदा वर्षांत तर शेअर बाजारातल्या अशा दीर्घकालीन नफ्यावर हा कर नव्हताच. व्यवहारावरचा छोटा कर भरला की झाले.

इथेही एक उत्तर दिले जाते. कंपनी आधीच आपल्या नफ्यावर कर भरते, मग भागधारकाकडून पुन्हा पूर्ण दराने का घ्यायचा? युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. मात्र २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांचा मूळ दरही सवलती सोडणाऱ्यांसाठी २२ टक्क्यांवर आणला गेला आणि त्यातून वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला जाईल, असा अंदाज सरकारनेच त्या दिवशी दिला होता. म्हणजे पहिला टप्पाही हलका झाला. आणि ज्याने शेअर विकलेच नाहीत, नुसते धरून ठेवले, त्याची संपत्ती शंभर कोटींवरून हजार कोटींवर गेली तरी त्या वाढीवर त्या वर्षी काहीच देणे लागत नाही. भारतात कर आहे तो कमावण्यावर, खर्चण्यावर आणि विकण्यावर. धरून ठेवण्यावर आणि वारशाने मिळण्यावर जवळजवळ नाही.

हे नेहमीच असे नव्हते. आणि या इतिहासात दोन मराठी अर्थमंत्री उभे आहेत.

रायगड जिल्ह्यातल्या रोह्याशी नाते सांगणारे चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली मृत्युकर आला. मोठी मालमत्ता मागे ठेवून गेलेल्या माणसाच्या वारसांनी तिचा काही भाग देशाला द्यावा, ही त्यामागची भूमिका. १९५६ मध्ये केंब्रिजचे निकोलस काल्डोर यांनी भारताच्या करसुधारणेवर अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी संपत्ती कर आला, १९५८ मध्ये देणगी कर. साताऱ्याकडचे यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, १९७३-७४ मध्ये, प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर होता. वरच्या थरातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये मालकाचे.

कागदावर याहून कठोर व्यवस्था असू शकत नाही. प्रत्यक्षात काय झाले? उत्पन्न हिशेबाच्या वह्यांतून नाहीसे झाले. मुंबईत घराचा सौदा ‘व्हाइट’ आणि ‘ब्लॅक’ अशा दोन भागांत होणे ही रीत बनली. १९७१ च्या वांच्छू समितीने चढे दर हे काळ्या पैशाचे एक मोठे कारण ठरवले आणि ते उतरवण्याची शिफारस केली. १९७४ च्या अंदाजपत्रकात चव्हाणांनीच सर्वोच्च दर ७७ टक्क्यांवर आणला. पुढे १९८५ मध्ये मृत्युकर रद्द झाला, कारण त्यातून वर्षाला वीसेक कोटी रुपये येत आणि वसुलीची कटकट फार. देणगी कर १९९८ मध्ये गेला. संपत्ती कर अरुण जेटलींच्या २०१५ च्या अंदाजपत्रकात संपला. त्याची वसुली २०१३-१४ मध्ये जेमतेम हजार कोटींच्या घरात होती. त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांना दोन टक्के जादा अधिभार लागला.

म्हणून ‘श्रीमंतांवर कर वाढवा’ एवढे म्हणून काम भागत नाही. महाराष्ट्राच्याच दोन मंत्र्यांच्या काळाने दाखवले की दर हा कराचा अर्धा भाग आहे; उरलेला अर्धा म्हणजे मोजदाद. १९७० च्या दशकात बेनामी जमीन आणि तिजोरीतले सोने मोजायला साधन नव्हते. आज शेअर डिमॅट खात्यात असतात, खरेदीखताला पॅन लागतो, बँका मोठे व्यवहार कळवतात. जे तेव्हा दिसत नव्हते त्यातले पुष्कळ आता संगणकाच्या पडद्यावर आहे. २०२४ साली ब्राझीलच्या अध्यक्षतेखालच्या ‘जी-२०’समोर अर्थशास्त्रज्ञ गाब्रिएल झुकमन यांनी जगातल्या अब्जाधीशांवर संपत्तीच्या किमान दोन टक्के कराचा प्रस्ताव ठेवला, तो याच बळावर. त्याच वर्षी थोमा पिकेती आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात २०२२-२३ साली भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाचे २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती असल्याचा अंदाज मांडला गेला. पद्धतीवर वाद आहेत. पण या अंदाजात संपत्तीचा वाटा उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि आपली करव्यवस्था मुख्यतः उत्पन्नच पाहते.

मुंबईत संपत्ती म्हणजे आधी जमीन. आणि जमिनीची गोष्ट परळ-लालबागइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे वाचता येत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. भोंगे थांबले. गिरण्या मंदावल्या, आजारी ठरल्या, बंद पडल्या. त्यांच्या पोटी सुमारे ६०० एकर जमीन उरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तोडगा काढला होता: पुनर्विकासाला निघालेल्या गिरणीची एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याची करायचे ठरले आणि शहराचा वाटा आकसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले: दादरची कोहिनूर मिल क्रमांक ३ गेली ४२१ कोटींना, लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना. घरासाठी दीड लाखांवर गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी अर्ज भरले. त्यांतले बहुतेक अजून वाट पाहत आहेत.

हा कराचा विषय आहे का? आहे. त्या जमिनीला भाव कोणी आणला, हे विचारले की तो कराचा विषय होतो. दोन्ही बाजूंना रेल्वे आली, ती मालकाने आणलेली नव्हती. पाणी तानसा-वैतरणेतून शहराने आणले. तीन पिढ्यांच्या घामाने ती वस्ती उभी केली. २००१ च्या एका नियमबदलाने मालकाच्या हाती जे राहिले, ते एखाद्या करमाफीपेक्षा कितीतरी मोठे होते; फक्त ते कराच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ पुरी झाली. काळबादेवी, गिरगाव, सिद्धिविनायक, दादर ही तिची स्थानके. सदतीस हजार कोटींहून अधिक सार्वजनिक पैसा त्यात गेला. स्थानकालगतच्या जागांचा जो भाव चढेल, त्यातला किती शहराला परत मिळेल, हा प्रश्न गिरण्यांच्या प्रश्नाचेच पुढचे पान आहे.

महापालिकेच्या मालमत्ता कराचे बिल याचे उत्तर देऊ शकले असते. ते हातात घेऊन पाहण्याजोगे आहे: सर्वसाधारण कर, जलकर, जललाभ कर, मलनिस्सारण कर, मलनिस्सारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर. शहराचे एकेक काम एकेका ओळीत. २०१० पर्यंत हा कर भाडेमूल्यावर ठरे. भाडी १९४० च्या पातळीवर गोठलेली, म्हणून नेपियन सी रोडचा जुना प्रशस्त फ्लॅट बोरिवलीच्या नव्या छोट्या घरापेक्षा कमी कर भरू शकत असे. २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली आणि रेडी रेकनरचा भाव पाया ठरला. दिशा योग्य होती. पण बांधकाम चालू असलेल्या जमिनीवर पुढे किती मजले उठणार हे धरून कर आकारण्याची महापालिकेची नियमतरतूद न्यायालयात टिकली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवणारा निकाल कायम केला. त्याच वर्षाच्या जानेवारीपासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. सुमारे १६ लाख घरांना दिलासा मिळाला, आणि तो मिळायला हवाच होता. पण माफी क्षेत्रफळाला आहे, मालकाच्या ऐपतीला नाही. चाळीतल्या एकुलत्या खोलीला आणि मलबार हिलवर गुंतवणूक म्हणून घेतलेल्या छोट्या फ्लॅटला एकच फूटपट्टी.

गिरगावात हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. तिथल्या पागडीच्या चाळीत भाडेपावतीवर भाडे एवढेसे आणि दुरुस्ती उपकर त्याहून मोठा अशी उदाहरणे सहज सापडतात. १९६९ च्या कायद्याने १९,६४२ जुन्या इमारतींवर हा उपकर बसवला, दुरुस्तीची जबाबदारी सरकारी मंडळाने घेतली. भाडेकरू म्हणतो, पन्नास वर्षे उपकर भरला, जिन्याचा टेकू मात्र हलला नाही. घरमालक म्हणतो, गोठलेले भाडे हाच माझ्यावर लादलेला कर आहे. अशा उपकरप्राप्त इमारती सरकारी मंडळाने ताब्यात घेण्याच्या तरतुदीविरुद्धचा घरमालकांचा वाद १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. गिरगावच्या मोडक्या जिन्यातून निघालेला प्रश्न राज्यघटनेच्या ३९व्या कलमाच्या अर्थापर्यंत गेला, यावरून त्याची खोली समजावी. श्रीमंत आणि गरीब यांची सोपी वाटणी इथे चालत नाही. सहा पिढ्यांची चाळ सांभाळणारा, महिन्याला काही हजार भाडे गोळा करणारा मालकही इथेच आहे आणि तीच चाळ विकत घेऊन पन्नास मजले चढवणारा विकासकही.

तेव्हा पुढची पाने वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. कर कुठून सुरू होतो, पहिल्या रुपयापासून की पोटापुरते सोडून? वर गेल्यावर तो कुठे थांबतो, आणि ते छत कोणी, कधी, कोणत्या कारणाने घातले? आणि शहराने निर्माण केलेल्या मूल्यातले शहराकडे किती परत येते? या प्रश्नांसमोर कोणताही एक आकडा पुरा पडत नाही. प्राप्तिकराचा रकाना श्रीमंतांच्या बाजूने साक्ष देतो, खरेदीचा रकाना गरिबांच्या बाजूने, आणि जमिनीचा रकाना बहुतेक वेळा उघडलाच जात नाही. तिन्ही एकत्र ठेवले की उत्तर एका दिशेला झुकते: मोठा पगारदार आपल्या वाट्याचे भरतो, गरीब आपल्या वाट्याहून अधिक भरतो, आणि धरून ठेवलेल्या, वाढत गेलेल्या, वारशाने हललेल्या मोठ्या संपत्तीचा वाटा अजून ठरवलेलाच नाही.

बीआयटी चाळीपासून दूर नाही, परळलाच, केईएम रुग्णालय आहे. १९२६ मध्ये ते सुरू झाले. त्याला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाला शेठ गोर्धनदास सुंदरदास यांचे नाव आहे, कारण त्यांच्या मालमत्तेतून मोठी देणगी आली. रुग्णालय मात्र रोज चालते ते महापालिकेच्या तिजोरीतून. पहाटे केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागते. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने आलेले, मानखुर्दहून पहिल्या लोकलने आलेले, समोरच्या गल्लीतून चालत आलेले. त्यांतल्या कोणी वाटेत चहा घेतला असेल, कोणी बिस्किटाचा पुडा, कोणी मोबाइलचा रिचार्ज. प्रत्येकाने सूर्य उगवण्याआधी थोडा कर भरलेला आहे. पुढचा मजकूर या रांगेपासून निघतो आणि त्याच रस्त्यावरच्या, गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरच्या दारापर्यंत जातो.